गळ्यातल्या सात नळ्या

महाळुंगे पडवळ, मळ्यातून
मंगळवार, सकाळ

प्रिय वृषालीताई,

हे पत्र मी दहा महिन्यांपूर्वीच लिहायला पाहिजे होतं. तसं तीन वेळा सुरू केलं. पहिल्यांदा नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटवर बसून लिहायला घेतलं, तर गाडी भरायला आली. दुसऱ्यांदा भीमाशंकरला. श्रावणात मी तिथं पार्किंगच्या पावत्या फाडत होतो, धुक्यानं आणि पावसानं कागदाचा लगदा झाला. तिसऱ्यांदा इंदूरला जाणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये ‘प्रिय ताई’ एवढं लिहिलं आणि खड्ड्यात गाडी आदळून पेन खिडकीबाहेर गेलं. तिन्ही कारणं खरी आहेत, पण इंदूरपर्यंत दुसरं पेन मिळालं नाही असं कोण म्हणेल. मी टाळत होतो.

तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. तू उचललास तो माझा शेवटचा फोन जानेवारीतला. आबांच्या अंगात किरणं सोडली आहेत, वर्षभर घरी येऊ नकोस, असं मी सांगितलं. तुला सातवा चालू होता, आईनं तुझ्यासाठी मधली खोली सारवून ठेवली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही, आणि तुझं सासरी झालं. तू तेव्हा फोनवर एवढंच म्हणालीस, “बापाच्या घरात मला बंदी, बरं झालं कळलं.” श्रेयाला आता आठवा महिना चालू आहे आणि तिच्या आज्यानं तिला अजून मांडीवर घेतलं नाही. हे पत्र त्याबद्दलच आहे. पण त्या फोनचं मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर तू कागद फाडशील, आणि मधलं सगळं वाचण्यासारखं आहे. आबा बरे झाले, ताई. नुसते जगले नाहीत, बरे झाले. काल बेल्ह्याच्या बाजारात त्यांनी काय केलं ते तुला माझ्याशिवाय कुणी नीट सांगणार नाही.

कागद जरा विचित्र वाटेल. ही आबांची वही आहे. ऑपरेशननंतर दीड महिना त्यांना बोलता येत नव्हतं, तेव्हा ते हिच्यात लिहून दाखवायचे. चौथीपर्यंतचं शिक्षण, त्यामुळं अक्षर नांगरटीसारखं. पानांच्या मागच्या बाजूला ‘पानी’, ‘उशी’, ‘बैलाला पेंड घातली का’ असलं दिसेल ते माझं नाही. कोरी पानं शिल्लक असूनही मी मुद्दाम लिहिलेल्या पानांवर लिहितोय. का ते पुढं कळेल.

तर सुरुवातीपासून. तीन वर्षांपूर्वी जिभेच्या कडेला जो फोड आला, तो तू पाहिला होतास. तू तेव्हा घरीच होतीस, तंबाखूची डबी तूच विहिरीत टाकलीस. जिभेचा तुकडा काढला, मग बाहेरून किरणं दिली, तीस का बत्तीस दिवस. आबा मंचरहून एसटीनं पुण्याला जायचे आणि परत येऊन धारा काढायचे. त्यानंतर तुझं लग्न झालं, आबा वरातीत नाचले, सगळ्यांना वाटलं संपलं. मागच्या दिवाळीनंतर त्याच बाजूला मानेत गाठ आली. आधी लिंबाएवढी होती, बोलता बोलता आवळ्याएवढी झाली. नाही, उलटं सांगितलं, आवळ्याची लिंबाएवढी झाली.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच जागेवर बाहेरून पुन्हा तेवढी किरणं देता येत नाहीत, कातडी आणि आतल्या शिरा सोसणार नाहीत. गाठ कापून काढू, पण कापताना न दिसणारं थोडं मागं राहू शकतं. म्हणून जखम उघडी असतानाच गाठीच्या जागेवर बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या अंथरायच्या आणि वरून शिवून टाकायचं. नळ्यांची टोकं बाहेर राहतात. मग काही दिवसांनी त्या नळ्यांतून आतल्या आत किरणं द्यायची, जिथं पाहिजेत तिथंच, बाकीच्या मानेला फार झळ नाही. दोन्ही मिळून एकच इलाज, नुसतं कापून भागणार नाही आणि नुसत्या किरणांनीही नाही.

आबा उठून उभे राहिले. म्हणाले, “बाई, एकदा कापलं, एकदा भाजलं. तिसऱ्यांदा जनावरालाबी कोन छळत न्हाई. चल रं अमृत.” आई पदर तोंडाला लावून बसली. मी लगेच पिशवी उचलली. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून एक नळी काढून आबांच्या हातात दिली, म्हणाल्या, घरी न्या, बघा, मग ठरवा. आबांनी ती चिमटीत धरून फिरवली. ओढून बघितली. नखानं दाबली. आणि परत खाली बसले.

“ही मासातनं आरपार जाती?”

हो म्हणाल्या.

“दोन्ही टोकं भाईर? आन् किती दिस?”

दहा-बारा दिवस, म्हणाल्या.

“वढायची न्हाई?”

अजिबात नाही.

“आवो मग ही वेसणच की राव,” आबा म्हणाले, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसले. डॉक्टरीणबाई मूळच्या मुंबईच्या, त्यांना वेसण माहीत नव्हती. मग आपल्या बापानं त्या एसी खोलीत टेबलावर टॉवेलाचा बैल केला. तीस वर्षं बेल्ह्याच्या बाजारात चिंचेखाली बसून खोंडांची नाकं टोचणारा माणूस तो, त्यांना काय लागतं. दाभण कुठून घालायची, दोरीला तेल-हळद कशी लावायची, ती कानामागं कशी बांधायची, सगळं दाखवलं. बाहेर लोकांची रांग, आणि बाई हनुवटीवर हात ठेवून बघतायत. शेवटी आबांनी त्यांची परीक्षा घेतली. म्हणाले, “ताज्या जखमंत येसनीला कासरा लावला तर नाक फाटतं. आमी आठ दिस हात लावत न्हाई. तुमी तुमचं मशीन कवा लावनार?” बाई म्हणाल्या, ऑपरेशननंतर पाचव्या-सहाव्या दिवशी, जखम जरा धरली की. आबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. “हिला कळतंय. करू दे.”

ताई, शिकलेली माणसं त्या नळ्यांना भिऊन परत जातात, असं नंतर रत्ना सिस्टरनं मला सांगितलं. रत्ना सिस्टर आपल्या घोडेगावची. तिचा भाऊ माझ्याबरोबर कबड्डी खेळायचा, गुडघा मोडला त्याचा, आता फोटो स्टुडिओ आहे. ते जाऊ दे.

ऑपरेशन सात तास चाललं. नळ्याही सातच. बाहेर आणल्यावर आबांच्या मानेच्या बाजूनं साती नळ्यांची टोकं निघाली होती, प्रत्येकाला छोटं बटण, शर्टाला असतं तसलं. नाकात दुधाची नळी, गळ्याला श्वासाची. मी दारातच थांबलो. आई मात्र जवळ गेली, बोटानं न शिवता मोजलं आणि म्हणाली, “बैलाला एक, आन् तुमास्नी सात. म्हंजी किती वांड असशीला.” आबांचं पोट हललं, हसता येत नव्हतं तर पोटानं हसले. सिस्टर ओरडली, हसवू नका त्यांना.

आबांनी वही मागितली ती तिथं. सहाव्या दिवशी मशीनचा माणूस समजावून सांगायला आला. म्हणाला, बाबा, या मशीनमध्ये एका तारेच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी किरणांची गोळी असते. ती एकेका नळीतून आत जाते, थोडी थोडी थांबते, परत मशीनमध्ये येते. दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. तेवढा वेळ खोलीत तुम्ही एकटे, आम्ही बाहेरून कॅमेऱ्यात बघणार. कळलं का? आबांनी वहीत लिहिलं, ‘कंचा तांदूळ. इंद्रायनी का आंबेमोहर.’ त्या माणसाला वाटलं बाबांना भ्रम झाला. रत्ना सिस्टरनं पेन घेऊन खाली लिहिलं, ‘आंबेमोहर.’ आबांनी अंगठा वर केला. हे या पानाच्या मागंच आहे बघ, उलटून.

जाड दार लागायचं, वर लाल दिवा लागायचा, आणि मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना बघायचो. एवढ्या मोठ्या खोलीत एकटा माणूस, मानेतून सात तारा त्या पेटीला जोडलेल्या. हलायचं नाही म्हणजे नाही. मला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही, तुला माहीत आहे, शाळेत गुरुजींनी मला बाकाला बांधलं होतं. आबा दहा मिनिटं पापणीसुद्धा हलवायचे नाहीत. दहावी वेळ झाली त्या दिवशी मशीनचा माणूस मला म्हणाला, तुझ्या बाबांसारखा पेशंट नाही बघितला, काय विचार करतात ते? मी वहीत विचारलं. त्यांनी लिहिलं, ‘खोंड जेवडा सांत तेवडी येसन नीट बसती. आता खोंड मी.’

नळ्या काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. बटणं कापली. आबांनी हात वर करून थांबवलं आणि चिमटी फिरवून दाखवली, म्हणजे सरळ ओढू नका, जरा फिरवत काढा. बाई म्हणाल्या, हो मास्तर. एकेक करून साती निघाल्या. शेवटची निघाली तेव्हा आबांनी डोळे मिटले, आणि उघडले ते एकदम आईकडं बघून. आई बाहेर जाऊन रडली. आत रडली नाही.

मग घरी. नाकातून दूध, मग पेज, मग गिळायचे व्यायाम. गिळायला शिकवणारी एक पोरगी होती, ती फोनवर व्हिडिओ पाठवायची, आबा तिला वहीत ‘मास्तरीन’ लिहायचे. आवाज आला तो फाटका आला. पण आबांचं खरं दुःख वेगळंच होतं. त्यांना चुचकारता येईना. जीभ आधीच अर्धी, आता ती टाळ्याला लागेना. बैलाला चुचकारता येत नाही तो कसला गडी. आपला पाखऱ्या गोठ्यातून मान काढून वाट बघायचा आणि आबा समोर उभे राहून हवा सोडायचे. पंधरा दिवस असं चाललं. एका सकाळी मी चुलीपुढं बसलो होतो तर बाहेर ‘थुप, थुप’ असा आवाज यायला लागला, कोंबडीनं पंख झाडल्यासारखा. आबांनी ओठांनी नवाच आवाज काढला होता. चार दिवसांत पाखऱ्याला तो कळला. आई म्हणते, बैलाला चार दिवस लागले, मला ह्यांचं बोलणं अजून अर्धंच कळतं, पण तसंबी सारं ऐकण्याजोगं कवा व्हतं.

मागच्या आठवड्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दिव्याला लावला आणि म्हणाल्या, “मानेत काही नाही. जिभेत काही नाही. जा, कामाला लागा.” तपासणीला येत राहायचं आहेच, ते सुटणार नाही. त्या दिवशी आईनं मासवडी केली, तिखट बेतानं, रस्सा पातळ. आबांनी दोन खाल्ल्या. एकेक घास इतका वेळ चावला की माझ्या सहा झाल्या. मग भिंतीवरची पिशवी काढली, दाभण झटकली, तेलाची बाटली बघितली. आईनं मला डोळ्यानं खुणावलं, सोमवारी ह्यांच्याबरोबर जा.

काल बेल्ह्याला पोचलो तर चिंचेखाली आबांच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. पूर्ण वर्ष, ताई. एक गोणपाट टाकून ठेवलं होतं, कुणी टाकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. लोक येऊन हात मिळवत होते, चहा येत होता, पण खोंड कुणी आणत नव्हतं. लांबून बघायचे. मानेवरचा व्रण बघायचे, वाकडं तोंड बघायचे, आणि म्हणायचे, “बरं वाटतंय ना गेणभाऊ, मंग बसा निवांत.” आबांनी दाभण तीनदा पुसली. मला वाटलं आता घरी जाऊ या म्हणतील.

तेवढ्यात सोमाजी आला. वरच्या डोंगरपट्ट्यातला, भात पिकवणारा माणूस, त्याचा काळा खोंड दोन बाजार नुसता धुमाकूळ घालत होता. तिघांनी हात लावून बघितला, एकाचा अंगठा गेला. सोमाजीनं दोर आबांच्या पुढं टाकला. लगेच गर्दी झाली. आणि तुझ्या सासरच्या गावचा जानकू व्यापारी मध्ये घुसला, सोमाजीला म्हणाला, “आरं थांब. गेणभाऊंच्या अंगात किरणं हायेत. वरीसभर त्यांनी कुनाला हात लावायचा न्हाई. जनावर वाया जाईल.” सोमाजीनं दोर अर्धा मागं ओढला.

आबांना एवढ्या लोकांत बोलायचं म्हणजे कसरत. त्यांनी पाणी प्यायलं, गिळलं, आणि फाटक्या आवाजात म्हणाले, “जानकू, येसन काढल्याव बैलाच्या नाकात दोरी ऱ्हाती का?”

जानकू म्हणाला, “दोरी कशी ऱ्हाईल?”

“मंग माज्या नळ्या काढल्या. त्यात ते दानं जायाचं आन् पेटीत परत यायचं. भोक बुजलं. आता माज्या अंगात हाय ते निस्तं दूध आन् म्हातारीच्या शिव्या.”

असा हशा उठला की खोंड बिचकला. सोमाजीनं दोर पुढं टाकला. मग काय झालं ते नीट सांगतो, कारण मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितलं. आबांनी कुणाला खोंड पाडू दिला नाही. पुढं जाऊन उभे राहिले, एका पावलावर. तो फुसफुसला, आबांनी ‘थुप, थुप’ केलं. लोक हसले. पुन्हा ‘थुप, थुप’. खोंडानं कान फिरवले, त्यानं असला आवाज जन्मात ऐकला नव्हता, त्याला समजेना घाबरावं का नाही. तेवढ्यात आबांचा डावा हात त्याच्या नाकपुडीत होता. दाभण गेली, दोरी गेली, कानामागं गाठ पडली, आणि खोंड अजून विचारच करत होता. एक थेंब रक्त. सोमाजी म्हणाला, “झालं?” आबा म्हणाले, “आठ दिस कासरा लावू नगं.” मग रांग लागली. दुपारपर्यंत अकरा. चहावाल्यानं माझ्याकडून काही घेतलं नाही, म्हणाला, गेणभाऊचं पोरगं ना तू. आजपर्यंत मला हे कुणी चांगल्या अर्थानं म्हटलं नव्हतं.

इथं थांबलो असतो तर पत्र गोड झालं असतं.

सोमाजीचं झाल्यावर आबांनी हात पुसत जानकूला विचारलं, किरणांचं तुला कोण म्हनलं? जानकू म्हणाला, “तुमच्या लेकीच्या सासरी समद्यांस्नी म्हाईत हाय की. तुमच्याच घरनं निरोप व्हता म्हनं, वरीसभर माहेरी येऊ नगं. म्हून पोर तिकडंच बाळंत झाली. तिच्या सासूबाई, साळुबाई, अजून जीव तोडून सांगत्यात, गरवार लेकीला दाराबाहेर ठेवलं म्हून.” आबा जानकूकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मी चहाच्या टपरीकडं बघितलं. घरी येताना टेंपो आळेफाट्याला आला. आबा म्हणाले, “अमृत, येसन चुकीच्या जागी टोचली तर काय करत्यात?” मी म्हटलं, काढायची, भरू द्यायची, परत टोचायची. “कोनी टोचायची?” मी टेंपोची काच पुसायला लागलो. तेच म्हणाले, “ज्यानं चुकवली त्यानंच. दुसऱ्याला खोंड हात लावू देत न्हाई.” त्यानंतर ते खिडकीला डोकं टेकून झोपले, किंवा तसं दाखवलं.

आता तो फोन. त्या दिवशी डॉक्टरीणबाई मला एकट्याला समजावत होत्या, घरच्यांनी काय पाळायचं ते. त्यांच्या मागं खिडकी होती आणि खिडकीत एक माणूस नारळाच्या झाडावर चढत होता, पायाला दोरीचा फास लावून. तो मध्ये अडकला. मला सुरुवातीचं ऐकू आलं, की गरोदर बाई आणि लहान मूल त्या मशीनच्या खोलीकडं नको. मग तो माणूस सुटून वर गेला, त्यानं नारळ तोडला, आणि मला शेवटचं ऐकू आलं, की वर्षभर दर महिन्याला. मधलं सगळं नारळाबरोबर गेलं. मी बाहेर येऊन दोन टोकं जोडली आणि तुला फोन केला. मधलं काय होतं ते मला नळ्या निघाल्या त्या दिवशी रत्ना सिस्टरनं सांगितलं. मधलं असं होतं, की नळ्या निघाल्या की अंगात काहीच राहत नाही, मग नातवंडं मांडीवर घ्या. आणि वर्षभर दर महिन्याला यायचं होतं ते तपासणीला. तेव्हा तुला अजून आठवा लागायचा होता. एक फोन केला असता तर आबा हॉस्पिटलातून यायच्या आत तू मधल्या खोलीत असतीस. मी नंबर काढला. तू शेवटचं काय म्हणालीस ते आठवलं. म्हटलं उद्या करू. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, वृषाली कधी येणार, आणि मी म्हणालो, तिकडंच करायचं म्हणतायत. आईनं एवढंच विचारलं, “कॅन्सरचं घर म्हून?” मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. म्हणून आई बारशाला आली नाही, ताई, म्हणून तिच्या फोनवर तुम्ही दोघी ‘बरं हाय ना, बरं हाय’ एवढंच बोलता. तिनं बाळासाठी शिवलेली कुंची अजून मधल्या खोलीत खुंटीवर आहे, दर अमावास्येला ती खाली घेऊन झटकते आणि परत टांगते. आणि मी नारायणगाव, भीमाशंकर, इंदूर करत फिरतोय. लोक म्हणतात पायाला भिंगरी आहे. भिंगरी नाही, ही गोष्ट आहे. या पानाच्या मागं बघ. ते आबांनी नळ्या असताना लिहिलं होतं, चौथ्या दिवशी. ‘वृषा घरी कवा येनार.’ मी त्यांना सांगितलं, रस्ता लांब आहे. त्यांनी खाली लिहिलंय, ‘चाळीस किलोमीटर तर हाय.’ आबांनी तुला बंदी केली नव्हती. त्यांना काल जानकूनं सांगेपर्यंत ठाऊकच नव्हतं. बंदी मी केली, झाडावरच्या माणसाकडं बघत. हे तुझ्या हातात असावं म्हणून लिहिलं. तू ये, आणि मला काय बोलायचं ते बोल. खरं सांगायचं तर माझा बेत वेगळा होता. हे मंचरला पेटीत टाकायचं आणि दुपारच्या गाडीनं नाशिककडं, मेंढपाळांच्या एका तांड्याबरोबर गुजरातपर्यंत. पिशवी भरलेली आहे, मागच्या दारात. तू येशील तेव्हा मी नसेन, असं. पण ताई, आत्ता कॅनॉलच्या पुलावर एक जीप थांबली आहे. रस्ता फुटलाय, गाडी पुढं येत नाही, तिथून घरापर्यंत बांधानं दहा मिनिटं. पहिल्यांदा उतरल्या त्या तुझ्या सासूबाई. साळुबाई, ज्यांनी लग्नानंतर आपल्या उंबऱ्याला पाय लावला नाही, त्या गुडघा धरत बांधावर चढतायत आणि त्यांच्या कडेवर पिवळं झबलं आहे. आबांच्या अंगात आता काही नाही, हे जानकूनं रात्रीच जाऊन सांगितलेलं दिसतंय. मागं तू आहेस, तुझी चाल मी इथून ओळखतो, रागावलेली असताना तू हात हलवत नाहीस. आईनं तुम्हाला पाहिलंय, ती खुंटीकडं पळाली. आबा गोठ्यातून बाहेर आलेत, हात धोतराला पुसतायत, पुसून पुसून पुन्हा पुसतायत, आणि आता लांबूनच त्यांनी ‘थुप, थुप’ केलं, बैलाला करतात तसं, पण हे श्रेयाला आहे. तिनं मान वळवली. मी उठून मागच्या दाराला आतून कडी घातली आहे. हे पत्र आता पेटीत जाणार नाही, तुझ्या हातात देईन आणि समोर उभा राहीन, हलणार नाही.

तुझाच, चुकीच्या जागी टोचणारा,
अमृत